मेंढा न चोरलेल्यांची साक्ष

मी लहानपणापासून थोडं वाढवून सांगतो. थोडं म्हणजे असं, की आष्टीच्या बाजारात एक बोकड दिसला असेल तर मी घरी पोचेपर्यंत त्याचा कळप होत असे, आणि आई भाकरी थापून उठेपर्यंत त्या कळपामागं लांडगेही लागलेले असत. आईची याला हरकत नव्हती. कापूस वेचून आलेल्या बाया आमच्या ओट्यावर टेकायच्या आणि म्हणायच्या, "सोड रं एखादी." मी सोडायचो. पण मला जालन्याच्या मिशन बोर्डिंगात धाडायच्या दिवशी, परतूरच्या ठेसनावर, आईनं माझा कान धरला.

"मानसांपुढं काय फेकायचं ते फेक," ती म्हणाली. "देवापुढं फेकू नको. तिथं तुझं खपायचं न्हाई."

गाडी हलली तरी तिनं कान सोडला नाही. परतूर ते जालना मी एकाच कानानं आलो आणि दुसरा मागून पार्सलनं आला, असं मी बोर्डिंगात पहिल्याच दिवशी सांगितलं आणि माझी कीर्ती झाली.

ही गोष्ट त्यानंतर काही वर्षांची, निजामाचं राज्य चालू असतानाची. मी वरच्या वर्गात होतो. त्या साली आम्हा मोठ्या पोरांना ईस्टरच्या दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसवायचं ठरलं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो: बाप्तिस्मा आमचा आयांच्या कडेवर झालेला. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्ही रडून जे उत्तर दिलं ते कुणी ऐकलं नव्हतं. प्रभुभोजनाचं तसं नसतं. तिथं आपल्या तोंडानं 'मी विश्वास धरतो' म्हणायचं, मग भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. तो मिळाला की माणूस मंडळीतल्या मोठ्यांत गेला. माझी आई त्या रविवारी येणार होती. तिनं निरोप धाडला होता, की नवं लुगडं नेसून येईन आणि तुझ्या मागच्याच ओळीत बसेन. एवढ्या लांबून एक बाई नवं लुगडं नेसून येणार आणि तिचा पोरगा पुढच्या ओळीत नसणार, ही कल्पनासुद्धा मला करवत नव्हती.

आणि नेमका तेव्हा आमच्याकडं संजीवन सभा, म्हणजे थंड पडलेला विश्वास जागा करायची सभा, घ्यायला एक उपदेशक आला.

आवाज असा, की तो बोलायला लागला की कुंडलिका नदीपल्याडची गाढवं कान टवकारून उभी राहत. त्यानं आपली साक्ष सांगितली. साक्ष म्हणजे आपण आधी कसे होतो आणि प्रभूनं आपल्याला कसं उचललं, ते. आधी हा गृहस्थ फार म्हणजे फारच वाईट होता. सिंदी पीत होता, पत्ते कुटत होता, बैल चोरत होता, सासऱ्याला विहिरीत ढकलत होता. बाया रडल्या. बोर्डिंगचा आचारी रडला. आमचे पाळकसाहेब तेवढे डोळे मिटून बसले होते. ते प्रार्थनेत आहेत की झोपेत, हे त्यांच्या बायकोलाही कधी ओळखता आलं नाही. उपदेशक दुसऱ्या दिवशी गाडीनं गेला, आणि पटकीची साथ मागं सोडून जावं तशी साक्षीची साथ सोडून गेला.

साथीचा पहिला रोगी आमचा मिशीवाला.

हा बोर्डिंगातला सगळ्यांत थोराड पोरगा. आमच्या ओठांवर लवसुद्धा नव्हती तेव्हा याला अशी मिशी आली होती, की वर्गात आधी मिशी यायची, मास्तर तिला "बस" म्हणायचे, मग तो यायचा. हुतूतूत तो आमचा कप्तान, भजनात मृदंग त्याच्याकडं, पंगतीत पहिली जागा त्याची. मनानं लोणी, पण पुढारी. रविवारी संध्याकाळी त्यानं आम्हा सगळ्यांना चिंचेखाली गोल बसवलं आणि हुकूम काढला.

"ईस्टरच्या आधी हरेकानं साक्ष द्यायची. आपलं पाप सांगायचं. बराबर सांगायचं, मोघम न्हाई. प्रभूच्या टेबलाला, भोजनाला, कोन कोन तयार झालं हे पाळकसाहेब मलाच इचारनार हायेत. ज्याची साक्ष न्हाई त्याचं नाव मी देनार न्हाई."

मग मृदंगावर मारावी तशी मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "मी मेंढा चोरला."

मग सगळा तपशील आला. परतुराकडून येणाऱ्या धनगरांचा कळप वाटेत बसला होता. तिथून भरदुपारी यानं मेंढा उचलला, खांद्यावर टाकून पळाला, ओढ्यात कापला आणि एकट्यानं खाल्ला. शिंगांसकट, असं त्याच्या आवेशावरून वाटलं. हे खोटं आहे हे मला तिथल्या तिथं कळलं. सुताराला सुताराचं काम कळतं. मिशीवाला कोंबडी कापताना दिसली तरी मागच्या मागं उलथायचा. पण बोलता बोलता तो रडला, त्याला बघून सगळे रडले, आणि सगळेच रडतात म्हटल्यावर मीही डोळे पुसले.

मग एकेकाची पापं बाहेर निघू लागली. एकानं सिंदीची मडकीच्या मडकी रिचवली होती. एकानं मनमाडच्या गाडीला दगड मारून इंजिन बंद पाडलं होतं. धावडा गावचा एक बारका पोरगा होता. चूल पेटवायला सांगितली तर काडी लांब धरून तोंड फिरवायचा. त्यानं पाटलाची कडब्याची गंज पेटवून दिली होती म्हणे. "उजेड पार भोकरदनला दिसला," असं तो म्हणाला, आणि मिशीवाल्याच्या तोंडून 'वाहवा' निघता निघता 'हालेलूया' निघालं. पहिल्याचं पाप ऐकलं की दुसऱ्याला आपलं थोडं वाढवावं लागे. मंदिरात दूर उभं राहून छाती बडवणाऱ्या जकातदाराची गोष्ट आम्हाला पाठ होती. आता कुणाची छाती जोरात वाजते याची आमच्यात शर्यत लागली होती.

त्या सगळ्यांत खरा चोर एकच. तो मिशनच्या बागेतले पेरू चोरायचा. त्यानं मान खाली घालून तेवढंच सांगितलं.

"पेरू?" मिशीवाल्यानं त्याच्याकडं कीव करून बघितलं. "बरं. बस खाली."

माझी पाळी आली तेव्हा सगळे पुढं सरकले. चिंचोके बाजूला सारून पोरांनी नीट मांड्या घातल्या. आता खरा माल येणार, अशी त्यांची खात्री होती. माझ्याही पोटात मेंढे, गंजी, इंजिनं सगळं तयार होतं आणि बाहेर पडायला ढुशा देत होतं. तेवढ्यात माझा कान दुखला. खरंच दुखला, यात वाढवलेलं काही नाही. साक्ष म्हणजे देवापुढं बोलणं.

"माझ्याकडं तसं मोठं काही न्हाई," मी म्हणालो. "मी वाढवून सांगतो. लबाड बोलतो. तेवढंच."

सगळे वाट बघत बसले. त्यांना वाटलं, ही नुसती सुरुवात आहे.

"मंग?" धावड्याचा म्हणाला.

"मंग काही न्हाई. झालं."

"हे काय पाप हाय का?" मिशीवाला भडकला. "ही तुझी खोड हाय! आमच्या काकाला बी नाक खाजवायची खोड हाय, त्यो काय साक्ष देऊन राह्यला का? पाप काढ!"

"नसलेलं कुठून काढू?"

"आमी काढलं न्हवं? आमची काय झाडाला लागल्ती?"

मागून एकजण बोलला, "परूशी हाय त्यो. सोताला लई पवित्र समजून राह्यला."

झालं. परूशी म्हणजे जो स्वतःला नीतिमान समजून बाकीच्यांना पायरीखाली धरतो तो. मी लबाड आहे असं देवाशपथ सांगितल्याबद्दल मला हे नाव पडलं, आणि चिकटलं ते असं, की आचारीसुद्धा वरण वाढताना विचारायचा, "परूशाला किती?"

मग सुरू झाला माझा वनवास. भजनातल्या झांजा माझ्याकडून काढून घेतल्या. हुतूतूत मला कोणत्याच बाजूनं घेईनात. पंच केलं. अंगात रग असलेल्या पोराला पंच करणं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालणं. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंना एवढी जागा सुटायची की तिथं बैलगाडी सोडता आली असती. पण हे सगळं परवडलं. एके दिवशी मी जेवताना मोठ्यानं सांगितलं, की मागच्या विहिरीत मगर आली आहे. कुणी मान वर केली नाही. केवढी, असंसुद्धा कुणी विचारलं नाही. माणसाला इतकं एकटं कधी वाटू नये.

धावड्याच्या पोराला माझी दया आली. दुपारी कपडे वाळत घालताना तो हळूच शेजारी येऊन उभा राहिला.

"ऐक," तो म्हणाला. "तू माझ्या गंजीत ये."

"म्हंजी?"

"दोघांनी मिळून पेटवली म्हून सांगू. मी काडी वढली, तू फुकलं. माझी काही हरकत न्हाई. लई मोठी गंज हाय, दोघांना पुरंल."

मी आयुष्यात पुष्कळ दानशूर माणसं पाहिली. न लावलेल्या आगीतला अर्धा वाटा देणारा तो एकच. 'हो' ओठांपर्यंत आलं होतं. नुसतं 'फुकलं' म्हणायचं आणि झांजा परत, हुतूतू परत, आईच्या पुढची ओळ परत.

"तू पेटवली का खरंच?" मी विचारलं.

त्यानं इकडं तिकडं बघितलं. "समदे देऊन राह्यले ना साक्ष," तो म्हणाला. "मंग मी एकटाच काय न्हाई म्हनू?"

मीही एकटाच होतो, आणि ते किती वाईट लागतं हे मला मगरीच्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी 'हो' म्हणालो नाही. यात माझा पराक्रम धरू नका. देवाच्या भयानं मी गप्प राहिलो असतो तर आज पाळक असतो. मला भय लुगड्याचं होतं: मागच्या ओळीत बसून आई माझ्या पाठीकडं बघणार, आणि तिला पाठीवरून सगळं कळतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब स्वतः चिंचेखाली येऊन बसले. मिशीवाल्याला स्फुरण चढलं. त्यानं सगळ्यांच्या साक्षी पुन्हा घेतल्या. आठवड्याभरात पापं चांगली पोसली होती. मेंढ्याचं वजन वाढलं होतं, आणि गंजीचा उजेड भोकरदन सोडून अजिंठ्याच्या डोंगरावर पडायला लागला होता. पाळकसाहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. आपल्याला वाटतं झोपले आहेत, आणि नेमकं तेव्हा ते जागे असतात, हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

"देवाची स्तुती असो," ते म्हणाले. "आता जक्कयाचं काय करायचं?"

जक्कय म्हणजे तो बुटका जकातवाला, जो येशूला बघायला झाडावर चढला आणि खाली उतरल्यावर ज्याचं त्याचं चौपट परत देतो म्हणाला. आम्हा सगळ्यांना त्याचं झाडावर चढणं तेवढं लक्षात होतं.

"पाप सांगून झालं," पाळकसाहेब म्हणाले. "आता ज्याचं घेतलं त्याला भेटायचं. पाटील राहिले लांब, इंजिन राहिलं मनमाडला. आपण मेंढ्यापासून सुरू करू. परतुराकडचे धनगर नदीपलीकडच्या रानात उतरलेत. त्यांतल्या एक बाई परवा आपल्या दवाखान्यात पायाला पट्टी बांधायला आल्या होत्या. शनिवारी सकाळी सगळे चला."

मिशीवाल्याच्या मिशीची टोकं मी पहिल्यांदा खाली वळलेली पाहिली.

शनिवारी आम्ही निघालो. पाळकसाहेब पुढं छत्री घेऊन, मागं आमची रांग. नदीत पाणी घोट्याएवढंच होतं. तिथं चपला हातात घ्यायच्या निमित्तानं मी मिशीवाल्याला गाठलं.

"सांगून टाक ना," मी म्हणालो. "साहेब काही खानार न्हाईत तुला."

"काय सांगू?" तो दात आवळून बोलला. "मेंढा खोटा म्हनलं की गंज बी खोटी, सिंदी बी खोटी. मंग समदे मलाच धरतील, की तूच आमाला यात घातलं. आन् तू गप ऱ्हा. तुझं नाव अजून मी दिलं न्हाई. गप राह्यलास तर देतो. बोललास तर टेबल इसर."

आता सौदा उघड होता. तोंड मिटलं तर ईस्टरला पुढच्या ओळीत, उघडलं तर आईला तसंच परतूरच्या गाडीत बसवून द्यायचं. मी तोंड मिटलं. चपला पायात घातल्या आणि चालू लागलो.

रानाला खत व्हावं म्हणून शेतकरी धनगरांची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात, तशी ती बसली होती. सगळं रान काळं-पांढरं हलत होतं. राखणीचं कुत्रं वासराएवढं होतं. त्या काळी मी ते बैलाएवढं सांगत असे. आता वय झालं, वासरावर भागवतो. धनगर घोंगडी अंथरून बसला होता, आणि त्याची बायको पट्टीचा पाय लांब करून गवऱ्या मांडत होती. रामराम-सलाम झाला.

पाळकसाहेब म्हणाले, "दादा, हा पोरगा म्हणतो, परतुराकडच्या वाटेवर यानं तुमचा मेंढा चोरला. कबूल करायला आलाय."

धनगर मिशीवाल्याकडं बघत राहिला. आता काठी उचलतो की कुत्रं सोडतो, या हिशोबानं मी पळायची दिशा नक्की केली. पण त्याचं तोंड हळूहळू फुललं आणि तो ओरडला, "आगं ये! ऊठ! चोर घावला!"

बाई लंगडत धावत आली. "कोन? मेंढ्याचा?"

"हा बघ, हा मिशाळ! आपला मेंढा गेल्ता न्हवं परतुराच्या वाटंवर? ह्यानं नेल्ता!"

"म्हंजी माझ्या भावानं न्हाई?"

"न्हाई! बिलकुल न्हाई!"

बाईनं दोन्ही हातांनी मिशीवाल्याचा चेहरा धरला आणि मग आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "लेकरा," ती रडत म्हणाली, "लई बरं केलंस रं चोरलास!"

झालं होतं असं: धनगराचा एक मेंढा खरोखरच गेला होता. आणि तो त्याच्या मेव्हण्यानं विकला, असं सगळ्या तांड्यानं ठरवलं होतं. तेव्हापासून मेव्हणा यांच्याकडं पाणी प्यायला आला नव्हता, आणि नवराबायकोतही रोज त्यावरून वाजत होतं. आमच्या मिशीवाल्यानं न चोरलेल्या मेंढ्यानं त्यांच्या घरातली दोन भांडणं एका दमात मिटवली. मिशीवाला चोर म्हणून इतका लोकप्रिय झाला, की आता तो चोर नाही असं सांगणं म्हणजे लग्नघरात जाऊन नवरी पळाली म्हणून सांगणं.

"मेंढा मागत न्हाई मी," धनगर म्हणाला. "पोरगं दांडगं हाय. पाऊस पडेपोतर मेंढरामागं राहू द्या. फिटलं."

"न्याय आहे," पाळकसाहेब म्हणाले. "आजपासून?"

"आजपून."

मिशीवाला पांढरा पडला. शाळा गेली, ईस्टर गेला, पाऊस पडेपर्यंत या कुत्र्यासोबत. तो आमच्या रांगेकडं बघू लागला. रांग मेंढरांकडं बघू लागली. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द कुणीच पहिला बोलेना. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बोलला की मी लगेच बोलतो. कुत्र्यानं हुंगताच मिशीवाल्यानं हात पाठीमागं लपवले, आणि ते हात मृदंगावर किती पक्के पडायचे हे मला ठाऊक होतं. मला राहवलं नाही.

"दादा, यानं मेंढा चोरला न्हाई," मी म्हणालो. "यानं जन्मात उंदीरसुद्धा चोरला न्हाई. मेंढा याच्या अंगावर आला तर हाच ओढ्यात पडंल."

"खोटं बोलून राह्यला!" मिशीवाला किंचाळला. "साहेब, हा लबाड हाय! साऱ्या बोर्डिंगाला ठावं हाय. त्यानं सोता साक्ष दिलीय तशी!"

पाळकसाहेब रांगेकडं वळले. "कोण खरं बोलतंय?"

"मिशीवाला!" रांग एका सुरात म्हणाली. उपासनेत 'आमेन'सुद्धा आम्ही इतकं एका सुरात कधी म्हटलं नव्हतं.

जन्मभर फेकलेलं सगळं लोकांनी गिळलं, आणि खरं बोललो तर हे. माझं टेबल गेलं हे मला तिथंच दिसलं. तेवढ्यात रांगेच्या शेवटी एक बारीक आवाज निघाला. धावड्याचा पोरगा हुंदके देत होता.

"गंज बी न्हाई पेटवली," तो म्हणाला. "मला काडीची भीती वाटती."

बस. एवढाच खडा निघायचा होता, बांध फुटला. "माझी सिंदी बी खोटी!" "मी इंजिन लांबूनच पाह्यलं!" जो तो पुढं सरकून ओरडायला लागला. खोटेपणा कबूल करायची अशी झुंबड उडाली, की पेरूवाला, जो सगळ्यांत एकटा खरा होता, तोही छाती बडवून म्हणाला, "मी बी पेरू चोरले न्हाई!"

"तू चोरलेस," पाळकसाहेब म्हणाले. "माझ्या खिडकीतून दिसतं."

शेवटी मिशीवाला मटकन खाली बसला आणि घोंगडीकडं बघत पुटपुटला, "न्हाई चोरला. समद्यांच्या म्होरं काहीतरी मोठं सांगायचं व्हतं."

हे ऐकून धनगराची बायको कमरेवर हात देऊन उभी राहिली. आमच्याकडं तिनं पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडं वळली.

"मंग माझ्या भावानं नेला असं कोन म्हनतं? तुमी पाह्यलं व्हतं?"

धनगर पागोटं सारखं करू लागला. "न्हाई."

"मंग?"

"समदे म्हनत व्हते," तो म्हणाला. "म्हून म्या बी म्हनलं."

"समदे म्हनत व्हते! माझ्यासंगं लगीन बी समद्यांनीच लावलं व्हतं का? उठा. आत्ता जा घनसावंगीला, जल्दी. त्याच्या मळ्यावर जाऊन त्याला हाताला धरून आना. मेंढरं मी बघते."

एवढा थोरला गडी, काठी घेऊन मुकाट्यानं उठला. पाळकसाहेबांनी आम्हाला एकच शब्द विचारला. "ऐकलंत?" आम्ही ऐकलं होतं. बाईनं जायच्या आधी आम्हाला शेळीचं दूध दिलं, पळसाच्या द्रोणांतून. मघाशी आनंदाच्या भरात बाई शिवली ती शिवली, पण भांडी असताना आमच्या जातीला द्रोण का आले हे आम्हाला कळत होतं. दूध मात्र गोड होतं. तो मेंढा बहुतेक लांडग्यानं नेला असावा. त्याची साक्ष कुणी घेतली नाही.

परतताना रांग माझ्यापासून चार हात लांबून चालली. पाळकसाहेबांनी मिशीवाल्याकडून नावं मागितली नाहीत. ते म्हणाले, ईस्टरच्या आधी एकेकानं माझ्याकडं यायचं. एकट्यानं. दार लावून. बाहेर दुसरा कुणी थांबायचं नाही.

मी गेलो. खोलीत एक टेबल, त्यावर चष्मा, आणि डोळे उघडे असलेले पाळकसाहेब. असे ते मी फारसे पाहिले नव्हते, त्यामुळं घाबरलो.

"तुला प्रभुभोजनाला का यायचंय?"

"आई येनार हाय," मी म्हणालो.

"आणखी?"

मी विचार केला. सुंदर सुंदर उत्तरं रांग लावून उभी होती. मी त्यांना घरी पाठवलं. "साहेब, बाकी सगळीकडं मला वाढवून सांगावं लागतं. तिथं लागनार न्हाई असं वाटतं."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "पोरं खोटं बोलतायत हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग मेंढरांत जाईपर्यंत गप्प का राहिलास?"

"मला वाटलं, बोललो तर सगळे माझ्यापासून तुटतील. कायमचे."

"तुटले?"

"न्हाई," मी म्हणालो. "आज सकाळी मिशीवाला आला. धावड्याचा बी आला. दोघांनी मला इहिरीवर गाठून शिव्या दिल्या."

"मग?"

"मंग मिशीवाल्यानं इचारलं, मगर केवढी व्हती."

पाळकसाहेब हसले. मी त्यांना त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. ते हसले तेव्हा दवाखान्यातले रोगी उठून बसले, असं मी सांगत असतो, पण इथं नाही सांगत. त्यांनी चष्मा उचलून पुसला.

"रविवारी सदरा धुतलेला घाल," ते म्हणाले. "आणि आईला सांग, पुढच्याच ओळीत बसायचं. तुझ्या शेजारी."